दीड पायली

सत्यव्वानं बांधावर शेवगा लावला,
पुढं हादगा, मग दोन बोरी,
आणि कुणाला न विचारता एक चिंच.
बांध सामायिक. सावली मात्र
दुपार कलली की माझ्याच रानात.

मी काठीनं मोजली : अकरा हात.
तेवढ्यातला शाळू गुडघ्याएवढाच राहिला.
खळ्यावर सगळ्यांदेखत म्हणालो,
"हिच्या झाडांनी माझी दीड पायली खाल्ली."
ती म्हणाली, "लिहून ठेव."
मी खरंच लिहिली. गोठ्याच्या भिंतीवर, कोळशानं.

पुढल्या साली जतच्या या अंगाला
परतीचे ढग नुसते बघून गेले.
शाळू पोटरीतच वाळला, तिचाही, माझाही.
त्या अकरा हातांत तेवढी
पानं उशिरा पिवळी पडली.
खाली कुजका पाला. उकरलं तर
माती बोटाला गार लागायची.
कणसं धरली. मूठभर, पण धरली.

माघात पोरीनं विचारलं, कालवण कशाचं?
बायकोनं बांधाकडं बघितलं,
मग माझ्याकडं.

आकडीनं शेंगा ओढत होतो, तेव्हा
पलीकडं सत्यव्वा शेरडांना हादगा ओरबाडत होती.
बघून न बघितल्यासारखं केलं तिनं.
एवढंच म्हणाली,
"फांदीला लोंबू नगंस. शेवगा मोडतो."

परवा गोठा सारवायला काढला.
"हे पुसू का?" बायकोनं विचारलं.
राहू दे म्हणालो.
खाली शेंगा लिहायच्या राहिल्यात,
आणि त्या मी मोजल्या नाहीत.

चिंच आता कुठं खांद्याला आलीय.
मोठी झाली की वीस हात तरी पडंल सावली.
कुठवर पडंल,
काठी टेकून बघत बसतो.