दहा टक्के जास्त

डुलूथमधल्या स्वयंपाकघरात लोरेटा निएमी
वीजबिलाच्या पाकिटावर हिशेब मांडते:
बारा गुणिले चौदा, एकशे अडुसष्ट चौरस फूट.
साधं व्हिनाइल दीड डॉलर,
ते जाड, ओकसारखं दिसणारं, सव्वाचार.
"लाकडाचा फोटो आहे तो," वर्नर म्हणतो,
जन्मभर करवत चालवलेला माणूस.
ती ऐकून न ऐकल्यासारखं करते.

दुकानातला पोरगा म्हणाला, दहा टक्के जास्त धरा,
कापण्यात जातंच.
जुनं लिनोलियम उपटायचे वेगळे.
आणि खालची जमीन उंचसखल निघाली तर?
तिथं ती आकडा लिहीत नाही,
पेन्सिलीचं टोक नुसतं टेकवून ठेवते.

दाराशी बुटांचं मीठ, वितळल्या बर्फाचं डबकं,
त्यातून वर्नरच्या वॉकरची दोन चाकं
ओल्या रेघा ओढत टेबलापर्यंत आलेली.
दोन खोल्यांमधली पट्टी अर्धा इंच वर आहे.
नोव्हेंबरात तो तिथंच अडखळला,
कपाळाला सात टाके.

ती दीड डॉलरवर काट मारते.
मग माडीवरच्या खोलीवरही.
पलंग आता खाली येणार, खिडकीपाशी.
हे त्याला अजून सांगायचंय.

"टिकेल किती?"
"पंचवीस वर्षं. लेखी देतात."
तो ब्याऐंशीचा. खोकला येईपर्यंत हसतो.
"उरलेल्या फळ्या गॅरेजात ठेव मग,
पुढे राहायला येतील त्यांना लागतील."

जरा वेळानं, पाकिटाकडे न बघता:
"आणि पलंग खिडकीपाशी नको.
तिथं गार लागतं."