पाठ क्रमांक सतरा

सक्करदऱ्याची मनपा शाळा, सातवी ब.
मागच्या बाकावर मी, गुडघे दप्तरांत अडकलेले,
मांडीवर निरीक्षणाचा छापील कागद:
प्रस्तावना, हेतुकथन, विषयविवेचन, फलकलेखन,
प्रत्येकापुढे एक चौकोन,
चौकोनात मावेल तेवढंच माणूस.

मार्च सरत आलेला. शाळा सकाळची झाली तरी
नऊलाच पत्र्याखालची हवा तव्यावरची.

आचल उईके. बीएस्सी झूलॉजी.
काल टाचण दाखवायला आली तेव्हा म्हणाली,
"मॅडम, मला बेडूक द्या ना, पेशी द्या.
बाष्पीभवन फिजिक्सवाल्यांना."
मी म्हटलं, सातवीच्या पोराकडे पुस्तक एकच असतं बाई,
त्यात बेडकाच्या शेजारी लोहचुंबक राहतो.
भिंत आपण घालतो, कॉलेजात, फी भरून.
हे वाक्य मी बावीस वर्षं म्हणते आहे.
दरवर्षी ते थोडं जास्त पाठ होतं.

आज तिनं बशी आणली, स्पिरिट आणलं, कापूस आणला.
तीन प्रश्न विचारले, तीन ठरलेली उत्तरं आली.
मग टाचणात नसलेला एक हात वर झाला.

लौकिक पराते. बाप कूलरच्या ताट्या भरतो,
सीझनला हाही जाळीला तार गुंडाळतो.
"मॅडम, कूलर आता गार हवा देते,
मग जुलैत काऊन नाही देत?
पाणी तेच, मोटर तेच, वाळा बी तोच."

आचलनं माझ्याकडे पाहिलं.
मी कागदाकडे पाहिलं.
उत्तर जिभेवर होतं.
मागच्या बाकावर गप्प बसणं,
बावीस वर्षांत मला नीट जमलं ते एवढंच.

खडू तिच्या बोटांत मऊ झाला.
कपाळावरून एक थेंब निघाला,
भुवईला वळसा घालून गालावर आला,
आणि दुसऱ्या रांगेतली जैनब म्हणाली,
"मॅडम, तुम्हाले घाम येऊन राहिला."

हशा. बाकं वाजली.
मला वाटलं, रडते आता.
वर्गनियंत्रणाच्या चौकोनावर पेन टेकलंसुद्धा.

तिनं थेंब बोटावर घेतला,
असा पाहिला, जणू काचपट्टीवर ठेवायचाय,
आणि टाचणातली भाषा गळून पडली.
"हो, येऊन राहिला. काऊन येते तो?
कुत्र्याले येते का?"

कुत्रा जीभ काढते. म्हैस डबक्यात बसते.
लौकिकनं मनगट चाटलं, फुंकर मारली: "गार!"
मग अख्खा वर्ग मनगटं चाटू लागला.
मुख्याध्यापिका दारातून डोकावून, न बोलता, गेल्या.

"आणि जुलैत?"
जैनब हळूच, "जुलैत घाम सुकतच नाही.
अम्मीची ओढणी दोन-दोन दिवस ओली राहते."
"काऊन?"
"हवेचंच पोट भरलेलं असते."
काटेकोर पाहिलं तर हे चूक आहे.
मी लाल पेनाचं टोपण काढलं.
पुन्हा लावलं.

लौकिक उठला नाही. बसूनच, स्वतःशी:
"म्हणजे मी बी कूलरच आहो."

घंटा झाली. संकलन राहिलं, उपयोजन राहिलं,
स्वाध्याय कोणी लिहून घेतला नाही.
टेबलावरच्या बशीतलं स्पिरिट
कोणाचंच लक्ष नसताना उडून गेलं होतं.

ती समोर उभी, पदराचं टोक मुठीत.
"टाचण सुटलं, मॅडम."
निळ्या ब्लाउजच्या बाहीखाली
मिठाची पांढरी रेघ उमटली होती,
जुन्या ताटीवर क्षार धरतात तशी.
हे उद्या मी सांगावं,
की लौकिकच सांगेल?

वीसपैकीचा आकडा कोरा ठेवला.
शेऱ्यात लिहिलं:
अक्षर लहान. मागच्या बाकावरून दिसत नाही.