दोन्ही हात

लिएपायाचं बंदर, गोदाम क्रमांक चार.
माझी ही पाचवी खेप.
आतली मुलगी म्हणते, साहेब रीगाला गेलेत.
साहेबांचा कप टेबलावर वाफाळतोय,
ती बघते, मीही बघते.
तिचाही पगार थकलाय, म्हणून मी गप्प.

हुकूमनामा पिशवीत आहे,
उघडून मिटून मऊ झालेला, रुमालासारखा.
अकरा हजार चारशे युरो, अधिक व्याज,
व्हेल्टा ओझोला हिला देणे,
साडेसहाशे लाकडी पेट्यांचे.
पेट्या केव्हाच समुद्रापार गेल्या.
तिने करवत विकली, मग करवतीचं टेबल.
दर सोमवारी फोन करते,
वसुलीचं विचारत नाही,
विचारते, तिकडे बर्फ पडलं का.

गाडी सासूच्या नावे. बोट मेहुण्याच्या.
कोर्टाने दंड लावला, मग दुसरा,
तेव्हा क्राउक्लिस एकदाचा हजर झाला.
सहीला एक हात पुरतो;
त्याने आधी दोन्ही वर केले.
मग मालमत्तेच्या रकान्यात लिहिलं:
खुर्ची, एक. मोडकी.

आज तीच जप्त करायला आलेय.
पंचनामा लिहायला बसू कुठे,
तर तिच्यावरच बसले.
कुरकुरलीसुद्धा नाही.
चांगली जड, कातड्याची, फिरती.
अर्धी फिरले, तर खिडकीत तो:
मागच्या दाराने, कोट हातात,
बर्फावर पाऊल जपून टाकत.

हाक नाही मारली.
लिहिलं:
खुर्ची, एक. धडधाकट.
अजून ऊबदार.