काजळी

त्या वर्षी फ्रेंच फौजा उत्रेख्तपर्यंत आल्या
आणि आमच्या पेढीच्या पायऱ्यांवर माणसं मावेनात.

मी वोल्फर्ट, ॲमस्टरडॅमच्या पेढीतला तिसरा लेखनिक.
अठरा वर्षं ह्याच्या खात्यातून त्याच्या खात्यात
नुसती शाई वाहिली :
मिऱ्यांची जहाजं, रीगाचं धान्य, डांबर, लोकर.
नाणं कधी जागचं हललं नाही.
खरं सांगतो, ते खाली आहे की नाही
मलाही ठाऊक नव्हतं.

हिलेगोंत आली, दोरखंडवाल्याची विधवा.
"सगळं काढा. आकडे नकोत, चांदी."

तळघरातून थैली वर आली.
नाणी काळवंडलेली,
काहींच्या कडा मेणासारख्या ओघळलेल्या.
तिनं एक नाकाशी नेलं.
"जुनं नगरभवन जळालं, तेव्हाची ही?"
"असावीत."
"म्हणजे वीस वर्षांत कुणी हातच लावला नाही?"

मागची रांग गप्प झाली.

बोटांची काजळी तिनं एप्रनला पुसली,
थैली माझ्याकडे ढकलली.
"जमा लिहा."
एक नाणं तेवढं ठेवून घेतलं,
शेजारणींना दाखवायला.

मी टाक बुडवला.
हात अजून कापत होता.
जमा लिहिलं :
एक कमी.