डाख

निवडणूक संपली. ठाण्यात जमा केलेली बंदूक
सही करून परत घेतली.
घरी येऊन पिशवी उघडली तर नळीवर तांबूस ठिपके,
कुणी तपकीर ओढून वर शिंकल्यासारखे.

ऐरोलीत खाडी दोन इमारतींपलीकडे.
खिडकीचे गज दरवर्षी एक रंग खातात,
सायकलची साखळी, देवघराची कडी,
हवा काही म्हणजे काही सोडत नाही.

जांभळी नाक्यामागे मुफद्दलभाई
चष्मा कपाळावर ढकलून नळीतून आभाळ बघतो.
"आतून कोरी करकरीत, हवालदार. गंज सगळा वरवरचा."
मग दर सांगतो.
निकेल साडेसात हजार,
बँकेच्या दारात आरसा धरून उभे राहाल.
भट्टीत भाजलेला सिरॅमिकचा फवारा, बारा.
निळाई गरम कढईतली नको,
जुनी दुनळी आहे, दोन नळ्यांमधला डाख सुटेल.
बाटलीतली थंड निळाई चारशेत होते,
पण एका पावसाळ्यात धुऊन जाते.
राहिलं फॉस्फेट. बत्तीसशे.
करडं, खरखरीत, दिसायला काही नाही.
"पण तेल पितं, नव्या पणतीसारखं."

कंपनी शस्त्रभत्ता देते महिना सातशे.
मी बोटांवर महिने मोजले, तो दुसरीकडे बघत राहिला.

आई दिवाळीआधी कल्हई करून घ्यायची.
नवसागराचा धूर, कापसाचा बोळा,
आणि पातेल्यात अचानक पांढरा उजेड.
भांडी वापरून वापरून कल्हई जायची.
माझ्या बंदुकीवर
एकोणीस वर्षांत न झाडलेल्या गोळीचा गंज.

फक्त दस्त्याजवळ, जिथे दिवसभर तळवा असतो,
तिथे निळाई कधीच उडाली, खाली नुसतं लोखंड,
आणि एकही ठिपका नाही.
ड्यूटी सुटली की तेवढीच जागा मी
बनियनच्या चिंधीने पुसतो. बाकीची राहून जाते.

"करा फॉस्फेट," म्हणालो.
"वीस वर्षं बघायला नको," मुफद्दलभाई म्हणाला,
"तेल मात्र तुम्हीच लावायचं."

माझी नोकरी उरली चार.
वरची सोळा कुणाच्या नावावर लावायची,
परवान्यात तसा रकाना नाही.