आकडा उलटा वाचायचा

पेटी आधी कुशीवर कलती करायची.
गिऱ्हाईक झाकणाकडे धावतं. मी बुडाकडे.
तिथे सहा आकडे असतात, कारखान्याने ठोकलेले,
आणि ते शेवटाकडून वाचायचे.
१५८०६०.
म्हणजे सहावा महिना, आठवा दिवस, एक्कावन्न.
"शुक्रवार होता," मी म्हटलं. चाळीस वर्षं हेच करतोय,
जुनी कॅलेंडरं पाठ झालीत.

"शक्य नाही, मिस्टर टटल," ट्वायला म्हणाली.
(ट्रकच्या कंपनीत बसून ती दिवसभर
कुणाची गाडी कुठे वळवायची ते सांगते,
तारखांच्या बाबतीत कुणाचं ऐकत नाही.)
"मावशी सांगायची, ही तिच्या आईची.
आणि आजी तर अडतीस सालीच गेली."

मी आकड्यावरची धूळ पुसली. आकडा तोच राहिला.

मग झाकण.
वास आला, पण दमलेला.
लोक याला सीडर म्हणतात; झाड खरं तर ज्युनिपरचं,
पण ते सांगून किंमत वाढत नाही.
आतून कधी पॉलिश लावू नका, मी म्हटलं,
बारीक पॉलिश-कागद फिरवा, लाकूड पुन्हा बोलू लागेल.
तिने लिहून घेतलं. उगीच.

बटणांच्या डब्यात पावत्या होत्या,
फर्निचरच्या दुकानाच्या, चाळीस,
दर शनिवारी सव्वा डॉलर,
मोज्यांच्या गिरणीतला पगार झाला की.
घेणाऱ्याचं नाव: आर्डिथ कोबल. जामीन: कुणी नाही.
अठरा वर्षांची पोर, लग्न ठरलेलं नाही,
आणि स्वतःच्या रुखवताची पेटी हप्त्यावर घेतलेली.

खाली उशांचे अभ्रे. मी एकेक काढत गेलो,
जमिनीचे थर काढतात तसा, वरून खाली,
म्हणजे नव्याकडून जुन्याकडे.
तळाच्या अभ्र्यावर डाव्या कडेला निळं A,
शेजारी पेन्सिलीची रिकामी चौकट.
आडनाव यायचं होतं तिथे. कुणाचं, ते ठरायचं होतं.
तसे सहा.
त्यांच्या वरच्या चारांवर चौकट नाही,
पण जागा सोडलेली.
आणि त्यांच्यावर ठेवलेल्यांत ते A
हळूहळू सरकत आलेलं, बोटभर, दोन बोटं,
अगदी वरच्यावर बरोबर मधोमध,
भोवती पानांची वेल, टाका इतका बारीक
की मी चष्मा बदलला.

ट्वायलाने विचारलं, "याची तारीख सांगता येईल?"
दोऱ्याची जात पाहून दशक सांगता येतं.
मी सांगितलं: सत्तरीनंतरचं.
ती गप्प. बाहेर कुणीतरी गवत कापत होतं.

आता भाव.
वरच्या अक्रोडी पापुद्र्यावर कपाची गोल खूण,
एक पाय नंतर बसवलेला,
एकशे ऐंशी डॉलर, जास्त मागाल तर पडून राहील.
"आणि अभ्रे?"
चार-चार डॉलर. दोन अक्षरं असती तर दोन,
दुसऱ्याच्या आडनावावर कोण डोकं टेकवणार?
एकटं अक्षर चटकन खपतं.
बोलून गेलो, मग वाटलं, हे हळू बोलायला हवं होतं.

ती हसली. मावशीसारखी असेल, मला काय माहीत.
"मधलं A मी ठेवते," म्हणाली,
"पेटी लावा विकायला."
नंतर म्हणाली, "नाही, थांबा."
नंतर काहीच म्हणाली नाही.

मी वहीत किंमत लिहिली, पेन्सिलीने.
आणि कुलपाकडे वळलो, कारण ते जुन्या जातीचं,
झाकण पडलं की आपोआप बसणारं,
आतून न उघडणारं.
लपाछपीत पोरं शिरायची अशा पेट्यांत.
कंपनीने पुढे नवी कुलपं पाठवली, फुकट;
आर्डिथने मागवलं नव्हतं.
चार स्क्रू. तिसरा गंजलेला, तेल टाकून वाट पाहिली.
ट्वायलाने तळहात पुढे केला,
त्यावर मी ते ठेवलं.