सोड, पेट

बहिणीचा मेसेज आला: "बरं."
एवढंच. पुढे पूर्णविराम.
त्या टिंबाशी मी रात्रभर बसले.
नुसतं "बरं" असतं तर होकार होता,
टिंब दिल्यावर राग असतो का?
की कंटाळा? की दवाखान्याच्या रांगेत उभी होती?
की दिवाळीला येत नाही म्हटलं, ते लागलं?
मन चिंती ते वैरी न चिंती, म्हणतात.
माझ्या वैऱ्यांना तर एवढा वेळही नाही.

दिवसा हेक्समच्या औषधांच्या दुकानात
अठ्ठावीस गोळ्या मोजते.
मग परत अठ्ठावीस.
घरी जाताना पुलापर्यंत येऊन माघारी फिरते:
शटर ओढलं होतं ना?
ओढलेलं असतं. दरवेळी.

बाजाराच्या दिवशी ट्रेलरच्या फटींतून गाई दिसतात,
अर्ध्या मिटल्या डोळ्यांनी रवंथ करणाऱ्या.
मला त्यांचा हेवा वाटतो.
चावून झालं की त्या गिळतात.

विनी रॉब्सन, वय अठ्ठ्याहत्तर,
तीस वर्षं बस चालवली, एक गुडघा नवा,
रक्तदाबाच्या गोळ्या न्यायला येते.
मला "पेट" म्हणते. इकडची लाडाची हाक.
तिला काय माहीत, आमच्याकडे हा शब्द
ओल्या लाकडांना म्हणतात, चुलीशी वैतागून,
आणि मी तर कधीची धुमसतेय.
"झोपत नाहीस तू. डोळ्यांवरून कळतं.
बुधवारी चर्चच्या मनोऱ्यात ये.
घंटा वाजवायला एक माणूस कमी पडतंय."
मी म्हटलं, मी हिंदू आहे.
ती म्हणाली, घंटेला विचारते.

देवळातल्यासारखी नव्हे ही घंटा,
जाता-येता टोला द्यावा
आणि हात जोडून निघून जावं अशी.
अर्ध्या टनाचं धूड, वर काळोखात,
तोंड आभाळाकडे करून उभं.
ते दिसत नाही. दिसतो दोर,
आणि दोरावर लोकरीचा पट्टेरी, जाडसर भाग,
भल्यामोठ्या सुरवंटासारखा.
तो ओढायचा आणि सोडायचा.
ओढणं कुणालाही येतं.

तिसऱ्या बुधवारी मी सोडला नाही.
हिशेब करत होते, आत्ता? की आत्ता? की
आणि पाय फरशीवरून उठले.
वीतभर असतील, पण उठले.
धरून ठेवायचा माझा जन्मभराचा सराव,
अर्ध्या टनाला त्याचं काय.
"सोड, पेट!" विनी ओरडली,
आणि मी वेडीवाकडी खाली आले,
तळहात सोललेले.
कुणी हसलं नाही. केनेथ हसला.

पाणी देत विनी म्हणाली,
"घंटा वर जाते तेव्हा तुझं काही काम नसतं.
तेवढ्या वेळात काही करू नकोस.
ती येते परत. वजन आहे ना तिला."

काही करू नकोस.
हे मला कुणी सांगितलंच नव्हतं,
ना दहावीच्या वर्षी, ना व्हिसाच्या रांगेत.

मार्चमध्ये एकदा सलग अकरा टोले
मी मनोऱ्यात होते आणि कुठेच नव्हते.
बाराव्याला वाटलं, अगं, जमतंय की!
आणि तो चुकला.

अजून रात्री तीनला जाग येते.
शटर येतं, अठ्ठावीस येतात, ते टिंब येतं.
जा, असं मी म्हणत नाही.
धरते जरासं, सोडते.
वर जातात काळोखात, येतात परत,
वजन आहे ना त्यांना.
मधल्या वेळात मात्र
छतावर ओलीचा एक डाग दिसतो,
तो कुणासारखाच दिसत नाही.
परवा पुलावरून सरळ घरी गेले.
काल परत फिरले. ओढलेलं होतं.

आज बहिणीनं लिहिलंय,
"लोणचं घालतेय तुझी बरणी ठेवू का"
टिंब नाही, प्रश्नचिन्हही नाही.
ते कुठे गेलं म्हणून
मन दोराकडे हात न्यायला लागलं.
मी लिहिलं
ठेव